लुकआउट नोटिशीत नाव असेल, तर नागरिकाला ते कोण आणि कधी सांगणार?

भोगावती, कोल्हापूर

माझा धाकटा भाऊ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. कंपनीने त्याला जर्मनीतील एका ग्राहकाकडे कास्टिंगच्या तपासणीसाठी पाठवायचे ठरवले. व्हिसा मिळाला, तिकीट निघाले, बॅग काउंटरवर जमा झाली आणि पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्काही पडला. त्यानंतर खिडकीतल्या अधिकाऱ्याने पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिले आणि भावाला बाजूच्या खोलीत बसवले. बऱ्याच वेळाने त्याला एवढेच सांगण्यात आले की, त्याच्या नावावर लुकआउट नोटीस असल्यामुळे त्याला देशाबाहेर जाता येणार नाही. ती कोणत्या यंत्रणेने काढली, कोणत्या गुन्ह्यात काढली, केव्हा काढली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही आणि लेखी तर काहीच हाती पडले नाही. शिक्क्यावर ‘रद्द’ असा दुसरा शिक्का मारून पासपोर्ट परत देण्यात आला आणि तो रातोरात बस पकडून कोल्हापूरला परतला.

महाविद्यालयात असताना एका मोर्चानंतर दाखल झालेल्या गुन्ह्यात इतर मुलांबरोबर त्याचेही नाव होते. त्या खटल्यात सर्वांची निर्दोष मुक्तता झाली असून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आमच्या घरात आहे. तरीही निवडणूक किंवा गणेशोत्सव जवळ आला, की त्याला पोलिस ठाण्यातून बोलावणे येते, कधी चॅप्टर केसची (शांतता राखण्याची हमी मागणाऱ्या प्रतिबंधक कारवाईची) नोटीस येते, आणि आईच्या जिवाला घोर लागतो. आमचे आडनाव पाटील आहे. करवीर तालुक्यात वडिलांच्या नावासकट तेच नाव असलेला दुसरा माणूस सापडणे अजिबात कठीण नाही, त्यामुळे ही नोटीस भलत्याच कोणाची तर नाही ना, अशीही शंका येते.

मला जाणकारांना विचारायचे आहे, की शासनाच्या अशा यादीत आपले नाव आहे का आणि असल्यास कशामुळे, हे जाणून घेण्याचा नागरिकाला हक्क आहे की नाही? बाजू मांडण्याची संधी कोणासमोर मिळते? देशाच्या सुरक्षेसाठी अशा याद्या लागतात हे मला मान्य आहे. पण ज्या माणसाला न्यायालयाने निर्दोष ठरवले, त्याला कारण न सांगता अडवून ठेवणे आणि त्याने दाद कोणाकडे मागायची हेही न सांगणे, हे मला कोणत्याही अंगाने योग्य वाटत नाही.

अॅड. शाहूपुरी

भोगावतीताई, आपल्या लिखाणात दोन वेगळ्या याद्या एकत्र आल्या आहेत, आणि त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. पोलिस ठाण्यातून येणारे बोलावणे हे स्थानिक नोंदींवरून येते. चॅप्टर केस म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 107, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 126. तिच्यात निदान एक कागद हातात पडतो, कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर म्हणणे मांडता येते आणि चौकशी सहा महिन्यांत संपवण्याचे बंधन असते. लुकआउट सर्क्युलर, म्हणजे आपण म्हणता ती लुकआउट नोटीस, मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील इमिग्रेशन ब्युरोकडे नोंदलेले असते. ब्युरो ते सहसा स्वतःहून काढत नाही. पोलिस, तपास यंत्रणा किंवा एखादे शासकीय खाते तशी विनंती करते, आणि या विनंती करणाऱ्या मूळ यंत्रणेचे नावच आपल्याला सांगितले गेलेले नाही. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी किंवा पोलिस अधीक्षक यांच्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला ही विनंती मंजूर करता येत नाही.

ही सगळी पद्धत गृह मंत्रालयाच्या 1979 च्या पत्रावर आणि त्यानंतर 2000, 2010 व 2021 मध्ये निघालेल्या कार्यालयीन ज्ञापनांवर उभी राहिलेली आहे. 2010 च्या ज्ञापनात नोंदीला सर्वसाधारणपणे एक वर्षाची मुदत होती. ती वाढवून घेतली नाही, तर नाव आपोआप निघून जात असे. 22 फेब्रुवारी 2021 च्या ज्ञापनाने हे उलटे केले. आता मूळ यंत्रणेने नाव काढण्याची विनंती केल्याशिवाय नोंद निघत नाही. त्या यंत्रणेने दर तिमाहीला आणि दर वर्षाला आढावा घ्यावा असे त्यात लिहिलेले आहे, पण आढावा घेतलाच नाही तर नोंद रद्द होईल असे कुठेही म्हटलेले नाही. आपल्या भावाच्या बाबतीत नेमके हेच झाले असावे असा माझा अंदाज आहे. खटला संपला, निकालाची प्रत संबंधित पोलिस ठाण्यात पोहोचली किंवा पोहोचलीही नाही, आणि ब्युरोला पत्र पाठवण्याचे काम कोणाच्याच टेबलावर आले नाही.

आता हक्काविषयी. परदेशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील व्यक्तिस्वातंत्र्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी प्रकरणात 1967 मध्येच मान्य केले. 1977 मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त करून कारणे देण्यास नकार देण्यात आला, तेव्हा 25 जानेवारी 1978 च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की स्वातंत्र्य हिरावून घेणारी प्रक्रिया न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. लुकआउटविषयी दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये सुमेर सिंग साळकन प्रकरणात मर्यादा आखून दिल्या. दखलपात्र गुन्ह्यातील आरोपी जाणूनबुजून अटक चुकवत असेल, किंवा अजामीनपात्र वॉरंट निघूनही न्यायालयात येत नसेल आणि तो देश सोडून जाण्याची शक्यता असेल, तरच हा उपाय वापरावा, असे त्यात म्हटले आहे. त्याच न्यायालयाने मार्च 2015 मध्ये प्रिया पिल्लई या पर्यावरण कार्यकर्तीचे लुकआउट रद्द केले. लंडनला जात असताना त्यांना विमानतळावर अडवण्यात आले होते. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2024 रोजी न्या. गौतम पटेल व न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाच्या निकालाने सरकारी बँकांच्या अधिकाऱ्यांना लुकआउटची विनंती करण्याचा दिलेला अधिकारच रद्द केला. असे निकाल असूनही बहुतेकांना आपले नाव यादीत असल्याचे पहिल्यांदा कळते ते विमानतळावरच.

मला सर्वांत अन्यायकारक वाटते ते पुढेच आहे. आपल्याच राज्याच्या 1951 च्या पोलिस अधिनियमात तडीपारीची तरतूद आहे. ज्याच्यावर गंभीर गुन्हे दाखल आहेत, ज्याच्या भीतीने साक्षीदार उघड बोलत नाहीत, अशा माणसाला कोल्हापूर जिल्ह्याबाहेर काढायचे असले, तरी कलम 59 नुसार त्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवावे लागते, साक्षीदार तपासण्याची आणि वकिलामार्फत बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. हुकूम दोन वर्षांहून जास्त काळाचा असू शकत नाही आणि तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. साक्षीदारांची नावे मात्र सांगितली जात नाहीत. त्यांचे जबाब बंद दाराआड घेतले जातात आणि 1972 मध्ये पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत योग्यही ठरवली आहे. म्हणजे माहितीचा स्रोत झाकून ठेवूनही माणसाला त्याच्यावरील आरोपाचा आशय सांगता येतो, हे महाराष्ट्रातील पोलिस आणि महसूल अधिकारी सत्तर वर्षांहून अधिक काळ करून दाखवत आले आहेत. जी वागणूक कायदा तडीपाराला देतो, ती निर्दोष सुटलेल्या अभियंत्याला देता येत नाही, असे म्हणणे मला पटत नाही.

निवृत्त खाकी

वकीलसाहेबांनी कायदा नेमका मांडला आहे. मी पोलिस खात्यातून निवृत्त झालो असून काही काळ जिल्हा विशेष शाखेत होतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. लुकआउटची आगाऊ नोटीस द्यायची ठरवले, तर ते काढण्यात अर्थच राहणार नाही. फसवणूक करून पळणारा माणूस नोटीस हातात पडली त्याच रात्री बेळगावमार्गे गोव्याला पोहोचेल. दहशतवादाच्या तपासात तर आपल्यावर लक्ष आहे हे संशयिताला कळणे म्हणजे त्याच्या साऱ्या साथीदारांना कळणे होय. सर्वोच्च न्यायालयानेही 1980 च्या मलक सिंग निकालात पाळत नोंदवहीचे स्वरूप गोपनीय असल्याचे मान्य करून, नोंद करण्याआधी संबंधिताला ऐकून घेण्याची गरज नाही असे म्हटले होते. मात्र नोंदीला वाजवी आधार हवा आणि तो न्यायालयाला तपासता येईल, हेही त्याच निकालात आहे, आणि खात्यातील अनेकांना निकालाचा हा दुसरा भाग ठाऊक नसतो.

परंतु गोपनीयतेचा हा युक्तिवाद खिडकीपर्यंतच टिकतो, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. माणसाला एकदा अडवले, की यादीत नाव आहे ही गोष्ट गुप्त राहिलेली नसते. त्यानंतर यंत्रणेचे नाव आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक सांगितल्याने तपासाचे काय बिघडणार आहे, याचे समाधानकारक उत्तर मला नोकरीत असतानाही कोणी दिले नाही.

ठाण्यातील याद्यांविषयीही मोकळेपणाने सांगतो. सणाच्या आणि निवडणुकीच्या तोंडावर प्रतिबंधक कारवाईची संख्या वरून मागवली जाते. ठाण्यातला गोपनीय अंमलदार नवा असतो, आधीच्याची बदली झालेली असते, आणि हाताशी वेळ नसल्यामुळे गेल्या वर्षीची यादी पुढे ओढली जाते. एखाद्या नावापुढे ‘निर्दोष’ असा शेरा मारायचा तर निकालाची प्रत जोडून प्रस्ताव वर पाठवावा लागतो, आणि ते काम कोणी आपणहून करत नाही. हिस्ट्रीशीटच्या, म्हणजे ठाण्यातील व्यक्तिगत गुन्हे-नोंदपत्रकाच्या, बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2024 रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात दिल्ली पोलिसांना सांगितले, की हा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो सार्वजनिक करू नये, आणि सह आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने त्यातील नोंदींची वेळोवेळी तपासणी करावी. इतर राज्यांनीही त्या धर्तीवर आपल्या नियमांचा विचार करावा, असेही त्या निकालात आहे. भोगावतीताई, आपण पोलिस अधीक्षकांना द्यायच्या अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

इचलकरंजी ते शिकागो

मी मूळचा इचलकरंजीचा असून बरीच वर्षे अमेरिकेत राहतो. तिथल्या ‘नो फ्लाय लिस्ट’वर, म्हणजे विमानप्रवासास बंदी असलेल्यांच्या यादीवर, जे खटले झाले, त्यांतून हाच प्रश्न किती लांब जाऊ शकतो हे दिसते.

रहीना इब्राहिम या स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मलेशियन महिला होत्या. जानेवारी 2005 मध्ये त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर बेड्या घालण्यात आल्या. कारण शोधण्यासाठी त्यांना 2014 पर्यंत लढावे लागले, आणि अखेर सिद्ध झाले ते असे, की एफबीआयच्या अधिकाऱ्याने 2004 मध्ये एक फॉर्म भरताना चुकीच्या चौकटींवर खुणा केल्या होत्या. सरकार त्या काळात सातत्याने राष्ट्रीय गुपिताचे कारण पुढे करत होते, आणि त्या गुपिताच्या आड दडलेली होती ती फॉर्मवरची चूक. माझ्या मते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हा खटला लक्षात ठेवला पाहिजे.

जून 2014 मध्ये ओरेगॉनमधील संघीय न्यायाधीश अॅना ब्राउन यांनी लतीफ प्रकरणात ठरवले, की यादीत नाव आहे की नाही हेही न सांगणारी तक्रार निवारणाची पद्धत घटनाबाह्य आहे. त्यानंतर 2015 पासून अमेरिकी नागरिकाने अर्ज केल्यास नाव यादीत आहे का ते सांगण्याची, आणि शक्य असेल तेव्हा कारणांचा गोपनीय नसलेला सारांश देण्याची पद्धत सुरू झाली. ही सुधारणा पुरेशी आहे असे 2019 मध्ये अपील न्यायालयाने म्हटले. सगळे निकाल नागरिकांच्या बाजूने लागले असा समज मात्र होऊ नये. संशयितांच्या मोठ्या यादीवरील व्हर्जिनियातील निकाल 2021 मध्ये वरच्या न्यायालयाने फिरवला. मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फिक्रे प्रकरणात एकमताने सांगितले, की खटला चालू असताना सरकारने नाव काढून टाकले आणि सध्याच्या माहितीवरून ते पुन्हा घालणार नाही असे सांगितले, एवढ्यावर खटला संपत नाही.

पाटील आडनावाविषयीची आपली शंका रास्त आहे. 2004 मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी समितीच्या बैठकीत सांगितले होते, की यादीतील एका नावाशी साधर्म्य असल्यामुळे त्यांनाही विमानतळांवर पुन्हा पुन्हा अडवण्यात आले. कॅनडात तर लहान मुलांचे पालक नामसाधर्म्याच्या त्रासामुळे संघटित झाले आणि 2020 मध्ये तिथे अशा प्रवाशांसाठी वेगळा ओळख क्रमांक देण्याची सोय झाली. आपल्याकडे अशी सोय असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दसरा चौक

थोडक्यात एक मुद्दा मांडतो. विमानात गोंधळ घालणाऱ्या प्रवाशांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2017 मध्ये नियम केले. त्यांनुसार विमान कंपनीची समिती निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली असते, निर्णय तीस दिवसांत द्यावा लागतो, बंदीची मुदत गैरवर्तनाच्या प्रमाणात ठरते आणि साठ दिवसांत अपील करता येते. कर्मचाऱ्यावर हात उगारणाऱ्याला न्यायाधीशासमोर बोलता येते. मग आपल्यावर आरोप काय आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी असे एखादे मंडळ का असू नये? लुकआउटच्या नोंदींसाठी निवृत्त न्यायाधीशांचे प्राधिकरण नेमावे, त्याला मूळ फाइल पाहण्याचा अधिकार द्यावा आणि प्रत्येक नोंदीला पुन्हा एक वर्षाची मुदत घालावी, अशी मागणी आपल्या खासदारांकडे करणे मला आवश्यक वाटते.

भोगावती, कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. भावाला हे सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. खाकी काकांनी लिहिलेली यादी पुढे ओढण्याची गोष्ट ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. आता प्रत्यक्षात सुरुवात कुठून करावी? माहिती अधिकारात अर्ज केला, तर उपयोग होईल का? आणि प्रकरण न्यायालयात गेलेच, तर सरकार बंद लिफाफा न्यायाधीशांच्या हाती देईल आणि आम्हाला त्यातले काहीच कळणार नाही, अशी भीती वाटते. कंपनीने त्याची जागा तूर्त राखून ठेवली आहे, पण त्या ग्राहकाकडे आता दुसऱ्याला पाठवले आहे.

अॅड. शाहूपुरी

माहिती अधिकाराचा उपयोग मर्यादित आहे. इंटेलिजन्स ब्युरोसारख्या संस्थांना कलम 24 नुसार हा कायदा लागू होत नाही. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन एवढेच त्याला अपवाद आहेत. इतर कार्यालये कलम 8 चा आधार घेऊन तपासात बाधा येईल असे उत्तर देतात. तरीही संबंधित पोलिस ठाण्याकडे एकच साधी गोष्ट मागावी. निकाल लागलेल्या त्या गुन्ह्यात आरोपींविरुद्ध लुकआउटची विनंती पाठवली होती का आणि निकालानंतर ती मागे घेतली का, एवढे विचारावे. तपास संपलेला असल्यामुळे तपासात बाधा येण्याचे कारण तिथे टिकत नाही.

त्याच वेळी पोलिस अधीक्षकांना निकालाची प्रमाणित नक्कल जोडून अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जात जन्मतारीख, वडिलांचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक ठळकपणे लिहावा. लुकआउटसाठी नाव व पालकांचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक अशा ओळखखुणांची अट आहे, आणि नामसाधर्म्य असेल तर ते तिथेच उघडे पडेल. इमिग्रेशन ब्युरोलाही लेखी कळवून मूळ यंत्रणेचे नाव मागावे. उत्तर आले नाही, तरी ते न येणे याचिकेत उपयोगी पडते. नोंद त्याच जुन्या गुन्ह्यातील निघाली, तर ज्या न्यायालयाच्या हद्दीत ते पोलिस ठाणे येते, त्या न्यायालयालाही लुकआउट रद्द करता येते, हे साळकन निकालातच आहे. प्रत्येक वेळी उच्च न्यायालय गाठावे लागत नाही.

गाठावे लागलेच, तर आता मुंबईची वारी नाही. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर 18 ऑगस्ट 2025 पासून सी.पी.आर. रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते आहे. तिथे अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करता येईल, आणि अंतरिम मागणीत आधी आदेशाची प्रत व कारणे मागावीत, मग ठरावीक मुदतीसाठी प्रवासाची परवानगी मागावी.

लिफाफ्याची भीती अनाठायी नाही, पण त्यावरही उत्तर आहे. मीडिया वन या मल्याळम वाहिनीचा परवाना सुरक्षेच्या कारणावरून नाकारण्यात आला होता. त्या प्रकरणात 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारला म्हणून नैसर्गिक न्यायाची तत्त्वे बाजूला ठेवता येत नाहीत. माहिती दडवणे खरोखर आवश्यक आहे आणि ते प्रमाणाबाहेर नाही, हे सरकारने दाखवून द्यावे लागते. निदान कारणांचा सारांश द्यावा, असा आग्रह त्या निकालाच्या आधारे धरता येतो. त्यानंतरही काही प्रकरणांत न्यायालयांनी सरकारचा लिफाफा स्वीकारलेला आहे, त्यामुळे यश हमखास मिळेल असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्या भावाच्या हातात निर्दोष मुक्ततेचा निकाल आहे, आणि असा कागद फार थोड्या याचिकाकर्त्यांकडे असतो.

नोंद रद्द करण्याचा आदेश मिळाल्यावर लगेच तिकीट काढू नये. मूळ यंत्रणेने ब्युरोला नाव काढण्याची विनंती पाठवावी लागते, आणि ती पोहोचेपर्यंत संगणकात जुनीच नोंद दिसत राहते. विनंती पाठवल्याच्या पत्राची प्रत मागून घ्यावी, आदेशाची प्रमाणित नक्कल ब्युरोला आपण स्वतःही पाठवावी, आणि दोन्हींची पोच हातात आल्यावरच प्रवासाची तारीख ठरवावी.